पोकळ वाजणारं अंगण

आमचे सांडूदाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, भित्रे आहेत असं म्हटलं तर आमच्या भागात कुणी वाद घालणार नाही. ते स्वतःही घालणार नाहीत. विजेच्या तारेखालून जाताना ते मान खाली घालतात, तार कितीही उंच असो. विहिरीत डोकावत नाहीत. पाहुणे म्हणून गेले की आधी आढ्याकडे बघतात आणि तुळई सोडून अंथरूण टाकतात. घनसावंगीला माझी पिठाची गिरणी आहे. तिथं आले की फिरत्या पट्ट्यापासून इतके लांब उभे राहतात, की त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे तर मला गिरणी बंद करावी लागते. गिऱ्हाईक डबा घेऊन उभं असताना गिरणी बंद करायची म्हणजे माझं डोकं किती फिरत असेल, ते तुम्हीच समजा.

माझी बहीण आसराबाई, आमची अक्का, याच्या अगदी उलट. लग्नाआधी तिनं लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून आणलं होतं आणि घरी येऊन ते सांगायचं विसरली होती. कोकराच्या मानेवरचं रक्त बघून आईनं विचारलं, तेव्हा कुठं आम्हाला कळलं. आपल्याला भीती वाटली, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नव्हतं. दाजींच्या भीतीला मात्र ती "तुमचं भेव" म्हणायची, "तुमचं पागोटं" म्हणावं तसं. घरात ते एकट्या दाजींचंच होतं.

दाजींचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. पावसाळा सरला की गोदावरीच्या कडेनं निघायचं, आज या शेतात मेंढरं बसवायची, उद्या त्या. पुढं त्यांच्या वडिलांनी, त्रिंबकमामांनी, घनसावंगी-अंकुशनगर रस्त्यापासून थोडं आत जागा घेतली, पाल सोडलं आणि घर बांधलं. जागा शेजारच्या तुळजाकाकूंच्या सासऱ्यांची. ते पिढीजात शेतकरी. त्यांचं जुनं घर पडलं होतं, म्हणून ते थोडं पलीकडे सरकून नव्या घरात गेले होते. वस्तीवर घरं ही दोनच.

नव्या घरातल्या पहिल्याच मुक्कामात दाजी म्हणे अंथरुणात उठून बसले. "मेंढरं पाय आपटून राह्यली की अंगण पोकळ वाजतंय," म्हणाले. त्रिंबकमामांनी कूस बदलली आणि झोपले. दाजी मात्र पुढं वर्षानुवर्षं तेच सांगत राहिले. लिंबाखालच्या एका जागेवर मेंढरं बसत नाहीत, बाकी अंगण दाटून भरलं तरी तेवढा तुकडा मोकळा सोडतात, हे त्यांनी मलाही नेऊन दाखवलं होतं.

"दाजी, मेंढरं बी तुमच्यावरच गेली," मी म्हटलं. अक्का पोट धरून हसली. दाजी हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. त्यांनी आपली बाज त्या जागेपासून आणखी थोडी लांब ओढली.

पिकप घेतली ती अक्काच्या हट्टानं. मेंढरं पायी हाकत अंबडच्या बाजाराला न्यायचे दिवस संपत आले होते. दाजी घामाघूम होत गाडी शिकले. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा भोंगा वाजवायचे, पुलाआधी थांबून खाली उतरायचे, पूल पायी चालून बघायचे, मग गाडी घालायचे. लोक हसायचे, पण आपली मेंढरं चढवायची वेळ आली की दाजींचीच गाडी सांगायचे. उशीर होईल, पण जनावर धड पोचेल, याची खात्री होती. गाडीखाली मात्र दाजींनी कधी हातसुद्धा घातला नाही. खाली एखादी पिन पडली तरी काठीनं ओढून काढायचे.

त्या गाडीची एक खोड होती. माल भरला की मागची बाजू बसायची आणि तोंड आभाळाकडे व्हायचं. चढावर मेंढरं मागं सरकायची, मागच्या फाळक्यावर एकमेकींच्या अंगावर पडायची. त्या उन्हाळ्यात एक गाभण मेंढी अशीच तळाला दबून मेली. दाजी तिच्याजवळ बसून लहान पोरासारखे रडले. अक्का रडली नाही. ती दुसऱ्या दिवशी जालन्याला गेली आणि भंगारवाल्यांच्या गल्लीत फिरून शॉकअपची एक जोडी घेऊन आली.

हे शॉकअप साधे नव्हते. कुठल्यातरी बाहेरदेशच्या मोडलेल्या गाडीचे होते. प्रत्येकाला वरच्या अंगाला जाड रबराचा फुगा, फुग्याला बारीक नळी. दोन्ही नळ्या एकत्र येऊन शेवटाला सायकलच्या ट्यूबला असतो तसा एक वॉल. हवा भरली की फुगे ताठ होऊन गाडीची मागची बाजू उचलणार, माल उतरला की हवा सोडून खाली घ्यायची. अंबडच्या मिस्त्रीनं ते उलटेपालटे करून बघितले आणि परत दिले. "असलं काम मी करत न्हाई," म्हणाला.

अक्का मला म्हणाली, "एक बोल्ट वर, एक बोल्ट खाली. त्याला मिस्त्री कशाला लागतोय? तू गिरणीवरचे मोठे पाने अन् हवेचा पंप घेऊन ये."

पोळा होऊन गेला होता. पावसानं उघडीप दिलेली, पण काळ्या रानात पाय रुतत होता. मी दुपारी पाने, पंप आणि दोरीचं भेंडोळं घेऊन वस्तीवर पोचलो, तर गाडी नेमकी लिंबाखाली, त्या मोकळ्या जागेवर उभी होती आणि दोघांची बाचाबाची चाललेली.

"इथं नको," दाजी म्हणत होते. "गाडी तिकडं रस्त्याला घेऊ."

"रस्त्याला चिखल हाय गुडघाभर. जॅक उभा तरी ऱ्हाईल का? सगळ्या वस्तीत हीच एक जागा कोरडी. कितीबी पाणी पडू द्या, इथं लगेच जिरतंय."

"तेच तर म्हणून राह्यलो मी. जातंय कुठं एवढं पाणी?"

उत्तर नसलं की माणूस चिडतो. अक्कानं लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती सरळ गाडीखाली शिरली.

डावीकडचं काम झटकन झालं. अक्काचा हात मेंढी कातरणारा, चपळ. जुना शॉकअप निघाला, नवा बसला, नट आवळला गेला. मग उजवी बाजू. तिकडं चाक काढल्याशिवाय पाना फिरत नव्हता, म्हणून चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, जॅक लावून गाडी उचलली आणि चाक काढलं. काढलेलं चाक दाजींनी उचललं आणि आडवं करून पायानं चासीखाली सरकवून दिलं.

"आवो, मला हात फिरवायला जागा सोडाल का न्हाई?" अक्का खालून ओरडली. "काढा ते."

"चाक तिथंच ऱ्हाईल," दाजी म्हणाले. "चाक काढायचं असंल तर आधी तू बाहेर ये."

इतक्या ठाम आवाजात बोललेले दाजी मी त्याआधी बघितले नव्हते. अक्का पुटपुटली, पण चाक राहिलं. मीही मनात म्हटलं, काय हा माणूस, जॅक असताना चाक कशाला. अक्कानं वरचा बोल्ट आवळला. खालचा भाग मागच्या चाकांच्या आसाच्या खिळीवर चढवला. "नट द्या," म्हणाली. दाजींनी काठीच्या टोकाला नट अडकवून पुढं केला. तिनं तो काढून घेतला. तो लावणार तेवढ्यात तिनं पाय जरा लांब केले.

आवाज मोठा झाला नाही. जमिनीखाली कुठंतरी काहीतरी खचलं, जॅक तिरका झाला, आणि बघता बघता जमिनीत गेला. अक्काचे आधी पाय गेले, मग कंबर, मग ती सगळीच गेली. त्याच क्षणी गाडी धाडकन खाली आली. आडव्या ठेवलेल्या चाकावर आदळली आणि तिथंच अडकली.

मी ओरडलो की नाही, आठवत नाही. गाडी आणि जमीन यांच्यात जेमतेम वीतभर फट राहिली होती, तिच्यात डोकं घालून बघितलं तर खाली काळं भोक. भोकाच्या अर्ध्या तोंडावर चाक, चाकावर सगळी गाडी.

"आसरे!" दाजी किंचाळले. "आसरे!"

"हाय," खोलातून आवाज आला. "पाय मुरगळलाय. इथं विहीर हाय का काय?"

आरडाओरडा ऐकून तुळजाकाकू धावत आल्या. म्हातारीनं भोक बघितलं आणि मटकन खाली बसली. "अगं माय, पेव," म्हणाली. "आमच्या सासऱ्याचं पेव. रझाकाराच्या टायमाला जवारी काढून घेतली अन् वर फरशी टाकून बुजवलं म्हणत व्हते. मला वाटलं, मातीनं भरलं आसंल."

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस उतरण्यापुरतं, आत पोट मोठं. आमच्या भागात जुन्या शेतकऱ्यांच्या घरोघरी असायची. पण दाजींचं घराणं फिरस्तं. ज्यांचं धान्य घोड्याच्या पाठीवर मावायचं, त्यांच्यात कोण पेव खोदणार? म्हणून त्रिंबकमामांनी जागा घेताना शेजार बघितला, पाणी बघितलं, आणि अंगणात पेव आहे का हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. विकणाऱ्यांना वाटलं, पेव तर अंगणात असतंच, ते काय सांगायचं. वर्षानुवर्षं पाणी तिथं जिरत राहिलं आणि फरशीखालची माती खात राहिलं.

तुळजाकाकू तशाच उठल्या, घरातून पेटती चिमणी आणि सुतळी घेऊन आल्या. मला कळेना की भर उन्हात चिमणी कशाला. त्यांनी ती सुतळीला बांधून फटीतून हळूहळू खाली सोडली. अक्काच्या डोक्याजवळ ज्योत नीट होती. कंबरेजवळ गेली तशी बारीक झाली, निळी झाली, आणि गुडघ्यापर्यंत पोचायच्या आधी विझली.

"आसरे, बसू नको," म्हातारी फटीत तोंड घालून म्हणाली. "कायबी होऊ दे, खाली बसू नको. पेवात वारं वाईट ऱ्हातंय. बसलीस की झोप येईल, मंग उठणार न्हाईस."

"पायावर जोर पडून न्हाई राह्यला काकू," अक्का म्हणाली. "मी जरा टेकते."

"टेकू नको!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

त्या ओरडण्यानंच मी भानावर आलो. पहार आणली. चासीखाली घालून गाडी उचलावी म्हणून भोकाच्या काठाशी टेकवली आणि जोर लावला. काठाचं भलं मोठं ढेकूळ सुटलं आणि आत पडलं. अक्का कळवळली. चाक करकरलं आणि एका बाजूनं बोटभर खाली बसलं. आता काठ फुटला की चाक आत जाणार, चाकामागं गाडी, आणि खाली माझी बहीण. मी पहार टाकून दिली. गावाकडून माणसं आणायला पळावं, तर माणसं पोचेपर्यंत अक्का उभी राहील का?

"पहार लावू नको," दाजी म्हणाले. "हवा भरू."

मला वाटलं, भीतीनं यांचं डोकं फिरलं. पण ते घाईघाईनं बोलत होते, ओठ थरथरत होते, डोळ्यांतून पाणी चालू होतं, आणि बोलणं मात्र बरोबर होतं. आस जमिनीला टेकलाय. शॉकअपमध्ये हवा भरली तर ते आसावर जोर देऊन गाडी वर उचलतील. चार बोटं उचलली तरी चाकावरचं वजन सुटेल. चाक ओढून घ्यायचं, भोक मोकळं होईल. गाडी खाली आली तर काय करायचं, याचा विचार या माणसानं वर्षानुवर्षं अंथरुणात पडून केलेला होता. आम्ही कुणी तो कधी केलाच नव्हता.

"पण उजवीकडचा नट लागलाय का?" मी विचारलं.

दाजी फटीशी ओणवे झाले. "आसरे, नट लावलाय का गं?"

आवाज आला, जड, झोपेतल्यासारखा. "न्हाई. हातातच हाय."

पडताना जॅक गेला, पाना गेला. नट तिनं मुठीत धरून ठेवला होता. आणि नटाशिवाय हवा भरली तर शॉकअप खिळीवरून निसटणार आणि गाडी परत खाली येणार. म्हणजे कुणीतरी गाडीखाली जायला हवं होतं. जॅक नसलेल्या, फुटत्या काठावर तोललेल्या गाडीखाली.

मी जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी अंगानं आडवा. त्या फटीत माझं पोटसुद्धा शिरलं नसतं. दाजी सडपातळ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "मला लई भेव वाटून राह्यलंय, धर्मराज," म्हणाले. एवढं बोलून त्यांनी पागोटं काढून तुळजाकाकूंच्या हातात दिलं, पोटावर पडले आणि आत सरकले.

ते सरकत होते तेव्हा त्यांचे दात वाजत होते, ते मला बाहेर ऐकू येत होतं. तोंडानं सारखं काहीतरी चाललं होतं. आधी वाटलं देवाचं नाव घेताहेत; मग कळलं, ते अक्काशी बोलत होते. "उभी ऱ्हा. उभी ऱ्हा गं. मी आलो बग. उभी ऱ्हा." मधेच चाक करकरलं की ते गप्प व्हायचे, सगळं अंग आखडायचं, आणि मग परत सुरू. तुळजाकाकूंनी लिंबाचा मोठा डहाळा तोडून फटीतून आत घातला होता आणि त्या तो खाली-वर, खाली-वर हलवत होत्या, आतलं वारं हलावं म्हणून.

"हात वर कर," दाजी म्हणाले.

फटीतून मला दिसलं. भोकातून अक्काचा हात वर आला, मातीनं भरलेला, मूठ मिटलेली. दाजींनी ती मूठ धरली. बोटं सोडवायला त्यांना वेळ लागला, कारण तिचीही बोटं आखडली होती. नट त्यांच्या हातात आला. तो त्यांनी खिळीवर टेकवला. तो आट्यात बसेना. एकदा निसटला, तळहातावर पडला. दुसऱ्यांदा बसला. त्यांनी तो बोटांनीच फिरवला, मग मी काठीनं पुढं सरकवलेल्या पान्यानं आवळला.

"भर," ते म्हणाले.

"आधी तुम्ही बाहेर या दाजी."

"चाक आतून ढकलावं लागंल. भर जल्दी."

मी वॉलला पंप लावला आणि मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. हवा कुठं जात होती कुणास ठाऊक. हे भंगारातलं जुनं रबर, फुटलं तर दोघंही गेले, एवढंच डोक्यात घुमत होतं. खांदे भरून आले. मग गाडी कण्हली. फाळका जरासा हलला. डावी बाजू उचलली, मग उजवी, केसाकेसानं.

"सुटलं!" दाजी आतून ओरडले. चाकाला दोरी त्यांनी आधीच अडकवली होती. मी बाहेरून ओढलं, त्यांनी आतून पायांनी रेटलं, आणि चाक भोकावरून सरकत माझ्या पायाशी आलं. आता गाडी नुसत्या हवेवर उभी होती.

"आसरे, हात."

या वेळी हात आला नाही.

"आसरे!"

तुळजाकाकूंनी डहाळा थांबवला. मी जमिनीवर आडवा होऊन जेवढा जाईल तेवढा हात आत घातला. दाजींनी अर्धं अंग भोकात घातलं, डोकं खाली, आणि आतून त्यांचा घुसमटलेला आवाज आला, "बसलीया. बसलीया ही." त्यांनी काय केलं मला दिसत नव्हतं. नंतर कळलं, त्यांनी तिच्या केसांना धरून तिला ओढलं. मेंढी विहिरीत पडली की हाताला येईल ते धरून ओढतात, तसं. अक्का वेदनेनं ओरडली, आणि ते ओरडणं ऐकून मला जे वाटलं ते मी सांगू शकत नाही. ती जिवंत होती. तिचा एक हात माझ्या हाताला लागला. मी ओढलं, दाजींनी खालून लोटलं. ती ठेचकाळत, खरचटत, गाडीखालून बाहेर आली आणि लिंबाच्या बुडाशी पडून मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागली.

तुळजाकाकू तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या, रडत होत्या आणि आपल्या मेलेल्या सासऱ्याला शिव्या देत होत्या. मी हसत होतो की रडत होतो कळत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की दाजी बाहेर आलेले नाहीत.

मी वाकून बघितलं. ते भोकाच्या पलीकडच्या काठावर पालथे पडले होते. दोन्ही हातांनी माती गच्च धरलेली. डोळे उघडे, पण कुणाकडे बघत नव्हते.

"दाजी, या."

"येता येऊन न्हाई राह्यलं," ते पुटपुटले. "अंगच हलून न्हाई राह्यलं, धर्मराज."

इतका वेळ मागं सारलेली सगळी भीती काम संपल्यावर एकदम त्यांच्या अंगावर आली होती. आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. फुस्स, फुस्स. नळीच्या जोडापाशी हवा सुटत होती. गाडी तिळातिळानं खाली येत होती. मी परत पंप धरला. मारत होतो, पण जोड आणखी ढिला होत होता. चाक परत आत ढकलावं, तर भोकाच्या पलीकडे ते पोचणार नव्हतं. "दाजी, या हो! दाजी!" मी ओरडत होतो, तुळजाकाकू ओरडत होत्या. जितकं आम्ही ओरडू, तितका तो माणूस जमिनीला घट्ट चिकटत होता.

अक्का उठली. उभं राहता येत नव्हतं म्हणून रांगत आली. मी तिला अडवलं, तिनं मला बाजूला लोटलं. फटीशी गाल जमिनीला लावून पालथी पडली. मला वाटलं, आता नेहमीसारखी खेकसणार, "तुमचं भेव" म्हणणार.

"आवो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मी पंप मारायचा थांबलो. "मला भेव वाटून राह्यलंय."

दाजींनी मान वळवली.

"लई भेव वाटून राह्यलंय मला. तुम्ही माझ्यापाशी या."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या एका हाताची बोटं मातीतून सुटली. मग दुसऱ्या हाताची. ते इंच इंच सरकत, भोकाला वळसा घालून, तिचा चेहरा समोर ठेवून बाहेर आले. मी त्यांच्या काखेत हात घालून शेवटचं ओढलं. गाडी खाली बसली, आस काठात रुतला, काठ फुटला आणि मागची उजवी बाजू पेवात गेली. ते दोघं तिकडं बघत नव्हते. अक्का त्यांच्या छातीवर डोकं ठेवून थरथरत होती आणि दाजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. "काय न्हाई, काय न्हाई," म्हणत होते.

पुढं पेव मुरमानं भरलं. अंकुशनगरहून ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली. शॉकअप तेच राहिले, नळीचा जोड तेवढा बदलला. अजून गाडीला आहेत. मेंढरं आता चढाला एकमेकींवर पडत नाहीत. दाजी अजून तारेखाली मान वाकवतात, पुलाआधी उतरतात, आणि माझी गिरणी बंद पाडतात. मी चिडतोही. पण बंद करतो.

मेंढरं कितीतरी दिवस त्या जागेवर बसत नव्हती. पुढच्या हिवाळ्यात मी वस्तीवर गेलो असताना एक म्हातारी मेंढी येऊन लिंबाखाली उभी राहिली, हुंगली, आणि पाय दुमडून बसली. तिच्यामागं दुसरी. दाजींनी अक्काला हाक मारली. ती भाकरीचा हात पुसत बाहेर आली, बघून हसली, आणि मेंढीपाशी जायला निघाली. मोकळ्या जागेच्या कडेला मात्र थांबली. पाऊल उचललं होतं तिनं, पण टेकवलं नाही. वळून दाजींकडे बघितलं.

दाजी पुढं गेले. त्यांनी टाचेनं जमीन ठोकून बघितली, कान देऊन ऐकलं, परत ठोकली.

"ये," म्हणाले.

मग तिनं पाऊल टाकलं.